खुराचे माप

नालबंदी या शब्दाला मराठीत एक जुना, रुबाबदार अर्थ आहे. मराठेशाहीत स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणाऱ्या शिलेदाराला मोहिमेपूर्वी जी रक्कम आगाऊ मिळे, तिला नालबंदी म्हणत. घोड्याला नाल ठोकून घ्या, खोगीर-लगाम नीट करा आणि सांगितल्या वेळी हजर व्हा, असा त्या पैशाचा मतलब. म्हणजे तयारी कसलीही असो, तिचे नाव घोड्याच्या पायावरून पडले होते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला बसून जी बखर लिहिली, तिच्यात शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, अशी ती व्यवस्था. पाणी आणि पाय या दोनच गोष्टींसाठी स्वतंत्र माणूस नेमलेला. बखरीतील लढायांची वर्णने मी अनेकदा वाचली असतील. पण हे साधे प्रमाण मला अधिक लक्षात राहिले आहे.

पागा गेल्या आणि शब्द तेवढे उरले. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली. २०१२ मध्ये हाच आकडा सव्वासहा लाखांच्या घरात होता. सात वर्षांत जवळजवळ निम्मी घट. घोडे निम्मे झाले की नालबंदही निम्मे होतात, असे मात्र नव्हे. ते त्याहून लवकर संपतात. दहा गावांत विखुरलेल्या दहा घोड्यांसाठी रोज वेगळी वाट तुडवणे कोणत्या कारागिराला परवडेल? आमच्या रामाकोन्याला आता नालबंद आहे तो नागपूरचा. सहा-सात आठवड्यांनी एकदा येतो. पाठीवर चामड्याची पिशवी, तीत कानस, खूर तासायची सुरी, पकड, हातोडी आणि जुन्या औषधाच्या डब्यात खिळे. सांजेच्या गाडीने परत जातो.

रामाकोना म्हणजे नागपूर–छिंदवाडा रस्त्यावरचे, सिलेवानीच्या घाटाच्या अलीकडचे गाव. कागदोपत्री मध्यप्रदेश, पूर्वी छिंदवाडा जिल्हा, २०२३ पासून पांढुर्णा. शाळेत हिंदी, कचेरीत हिंदी, आणि उंबरठ्याच्या आत नागपुरी वळणाची मराठी. सौंसर-पांढुर्ण्याचा हा सगळा पट्टा संत्र्याचा आणि कपाशीचा. माझ्या लहानपणी हा माल बैलगाड्यांनी छोट्या लाइनच्या स्टेशनावर यायचा. २०१५ मध्ये ती छोटी लाइन मोठी करण्यासाठी बंद झाली, तेव्हा गाड्यांचे दिवस तसेही सरले होते. पण त्या दिवसांत बैलाला नाल ठोकताना पाहणे ही आम्हा पोरांची करमणूक असे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पातळ पट्ट्या, चार पायांना आठ. पश्चिम महाराष्ट्रात यालाच पत्री मारणे म्हणतात. बैलाला दोराने आडवा पाडायचे, चारी पाय एकत्र बांधायचे, आणि एवढे अवाढव्य जनावर आभाळाकडे एक डोळा लावून उसासे टाकत पडून राहायचे. घोड्याला असे कुणी पाडत नाही. त्याचा पाय नालबंद आपल्या मांडीवर घेतो. या दोन रीतींत जनावराशी असलेल्या नात्याचा फरक आहे, असे मला तेव्हा वाटे. आता वाटते की फरक फक्त जनावराच्या सांध्यांचा असावा.

आज गावात बैल थोडे आणि घोड्या दोनच. दोन्ही माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या. तुळशीचे लग्न लागले की पाऊस येईपर्यंत नवरदेव पाठीवर घेऊन त्या सौंसर, पांढुर्णा, आणि सीमेपलीकडे सावनेर-काटोलपर्यंत हिंडतात. थोरली चांदणी. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी; आपल्याकडे अत्यंत शुभ. वरपक्ष हिच्यासाठी दोन पैसे जास्त मोजतो. मौज अशी, की इंग्रजांच्या जुन्या लोकसमजुतीत चारी पाय पांढरे असलेला घोडा घेऊच नये असे आहे. पांढऱ्या पायाचा खूरही फिकट, आणि फिकट खूर म्हणे ठिसूळ. रंगावरून खुराचा कणखरपणा ठरत नाही, असे पशुवैद्य सांगतात. तेव्हा दोन्ही देशांचे शहाणपण एकाच मोलाचे म्हणायचे.

गेल्या पोळ्यानंतर नालबंद आला, तेव्हा मी सहज तेथे उभा होतो. त्याने चांदणीच्या पुढच्या डाव्या पायाचा झिजलेला नाल काढला आणि बराच वेळ खूर हातात धरून बसला. कानस पिशवीतून काढलीच नाही. मग म्हणाला, "भाऊ, आता खिळा माराले जागाच उरली नाही." उजवा पाय पाहिला, तोच प्रकार. खुराची कड शिळ्या भाकरीच्या कडेसारखी तुटून येत होती. "जबरीनं मारला तं जित्या मासात जाईन. माह्या हातानं मी हे करत नाही."

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. घोड्याचा खूर म्हणजे आपल्या नखाचाच भाऊबंद. बाहेरचे कवच निर्जीव, आतला भाग जिवंत, आणि दोहोंच्या सांध्यावर तळव्याकडून दिसणारी एक फिकट रेघ. नालाचा खिळा या रेघेच्या बाहेरून शिरून कवचातून वर तिरपा निघाला पाहिजे. सुताच्या अंतराने आत गेला तर घोडा लंगडा. कवच महिन्याला पाऊण ते एक सेंटिमीटर वाढते, म्हणून सहा-सात आठवड्यांनी नाल काढायचा, वाढ तासायची आणि नव्या जागी नवे खिळे ठोकायचे. एका नालाला सहा-सात खिळे. जुनी भोके खाली उतरून तासली जाण्यापूर्वीच नवी पडतात. त्यात आमच्याकडची माती काळी. पावसाळाभर खूर चिखलात भिजून फुगतो, आणि दिवाळीनंतर तोच खूर सिमेंटच्या रस्त्यावर आपटतो. गेल्या वीस वर्षांत गावागावांतली गल्ली सिमेंटची झाली. माणसांची सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण सिमेंट माती­सारखे दबत नाही, त्यामुळे धक्का सगळा पायातच राहतो.

"मंग करू काय?" माझ्या विद्यार्थ्याने विचारले.

"बशी ठेवा. वरून नवा खूर उतरू द्या."

टोकाकडचे कवच वरून खालपर्यंत नवे उतरायला नऊ महिने ते वर्ष लागते. म्हणजे सगळा लग्नसराईचा हंगाम बुडाला. बसलेली घोडी रोज खातेच. धाकटी घोडी अजून वरातीच्या बँडला बुजते, तिच्या पाठीवर कुणी आपला नवरदेव बसवत नाही. एक दलाल आठवड्यात दोनदा येऊन गेला. लंगड्या घोडीला तो जी किंमत सांगत होता, तीवरून तिचे पुढे काय होणार हे कुणी स्पष्ट बोलत नव्हते आणि सगळ्यांना कळत होते. विद्यार्थ्याची बायको एवढेच म्हणाली, "गुरुजी, यायले सांगा, घाई नोका करू म्हना."

पशुवैद्य येऊन पाहून गेले. आत पू नाही, खुराचा दाह नाही, तळवा पातळ झाला आहे आणि कवच खचले आहे, असे निदान केले. नाल न ठोकता पाय झाकता आला तर घोडी चालू शकेल, चालली तर खूरही सुधारेल, असे ते म्हणाले. आणि परदेशात घोड्यांसाठी बूट मिळतात, तुम्ही इंग्रजी वाचता तर चौकशी करा, असे मला सुचवून गेले. साठ वर्षे मराठी व्याकरण शिकवलेल्या आणि शिकलेल्या माणसाच्या पदरी हा विषय असा आला.

वाचू लागलो तेव्हा पहिले आश्चर्य हे, की घोड्याचा बूट ही नवी कल्पना नाही. ठोकलेल्या नालापेक्षाही ती बहुधा जुनी आहे. ग्रीकांचे घोडे अनवाणी असत. झेनोफोनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोड्यांवर जे पुस्तक लिहिले, त्यात खूर टणक व्हावा म्हणून पागेबाहेरच्या अंगणात गोल दगड पसरून घोड्याला त्यांवर उभे करण्याचा सल्ला आहे. रोमन लोकांनी पुढे लोखंडी तळाची, पट्ट्यांनी बांधायची एक पादुका काढली. गॉल आणि ब्रिटनमध्ये अशा पादुका जमिनीखाली सापडल्या आहेत. खिळ्याने ठोकलेला नाल सर्वत्र रूढ झाला तो मध्ययुगात. त्यानंतर बांधायचा बूट विस्मरणात गेला, आणि परत आला तो एका मजेदार वाटेने. १८३० मध्ये इंग्लंडात हिरवळ कापायचे यंत्र निघाले. मोठी यंत्रे घोडा ओढी, आणि नालाने हिरवळीचा नाश होऊ नये म्हणून त्याच्या पायांत चामड्याचे बूट चढवीत. म्हणजे त्या बुटांनी काळजी घेतली ती गवताची. घोड्याच्या पायासाठी आजच्या प्रकारचे रबरी-प्लास्टिकचे बूट अमेरिकेत निघाले १९७० नंतर. आता तिकडे शंभर मैलांच्या एकदिवसीय शर्यतीतही बूट घातलेले घोडे धावतात. आणि २०२१ मध्ये टोकियोला झालेल्या ऑलिंपिकात स्वीडनच्या ज्या चमूने उड्यांच्या स्पर्धेचे सांघिक सुवर्णपदक घेतले, त्यातल्या दोन घोड्यांच्या पायांत नालही नव्हता. अर्थात त्या घोड्यांच्या पायाखाली निवडून टाकलेली वाळू होती. सावनेरच्या बाजारातला रस्ता नव्हता.

आपल्याकडे या प्रश्नाची खरी जागा माथेरान आहे. तेथे मोटारींना बंदी, आणि घोडा हेच शेकडो कुटुंबांचे पोट. लाल मातीच्या वाटांवर फरसबंदीचे ठोकळे बसवायचे ठरले, तेव्हा नाल ठोकलेला घोडा त्यावर घसरतो अशी हरकत घोडेवाल्यांनी घेतली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रस्ता कुणाच्या पायासाठी बांधायचा, हा प्रश्न तेथे निदान कुणी विचारला तरी. आमच्या गल्लीत सिमेंट ओतताना दोन घोड्यांना कोण विचारणार? तेव्हा रस्ता आहे तसाच राहणार हे गृहीत धरून पायाचे पाहणे भाग होते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. येथे क्रम उलटा. नाल ठोकणारा कारागीर लोखंड हातात घेऊन पायाजवळ येतो. पायाला लावून पाहतो, ऐरणीवर चार ठोके घालतो, पुन्हा लावतो. माप त्याच्या डोळ्यांत असते. घोडेवाल्याला ते ठाऊक असण्याची गरजच पडत नाही. बूट मात्र सातासमुद्रापलीकडच्या साच्यातून तयार होऊन येतो. त्यावर हातोडी चालत नाही. म्हणून जे काम कारागिराच्या डोळ्यांचे होते, ते आता घोडेवाल्याच्या अंगावर पडते. बारा वर्षे चांदणीला दाणापाणी करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला तिच्या चार खुरांचे आकार वेगवेगळे आहेत, हे मापे घेईपर्यंत माहीत नव्हते.

माप घेण्याचा पहिला नियम असा, की ते ताज्या तासलेल्या खुराचे घ्यावे. वाढलेल्या खुराचे माप म्हणजे दाढी वाढलेल्या माणसाच्या हनुवटीचे माप. म्हणून नालबंदाला पुन्हा बोलावणे आले. नाल सुटले म्हणजे नालबंद सुटला, असे मला वाटले होते. पण बुटाला तर त्याची गरज अधिक. त्याने पसरट झालेले टोक मागे घेतले, टाचा सारख्या केल्या, फुटकी कड कानशीने गोल केली. तळव्याला आणि मधल्या त्रिकोणी मऊ भागाला, ज्याला तो पुतळी म्हणतो, त्याने हात लावला नाही. "हे तिचं चामडं हाय, राहू द्या," म्हणाला.

मग पाय उचलून, तळवा वर करून, पोलादी पट्टीने मापे घेतली. रुंदी जेथे सर्वांत जास्त भरते तेथे. लांबी पुढच्या टोकापासून टाचेच्या त्या शेवटच्या बिंदूपर्यंत, जेथे कवच जमिनीला टेकते. त्याच्या मागे टाचेच्या ज्या मांसल गाद्या असतात, त्या मापात धरायच्या नाहीत. बहुतेकांचे माप येथेच बिघडते, असे सगळे जाणकार लिहितात. गादी धरली की लांबी बोटभर वाढते आणि बूट तेवढा मोठा येतो. कागदावर खूर ठेवून पेन्सिलीने रेघ मारण्याचा मोह होतो, पण पेन्सिल तिरपी राहते आणि आकृती फुगते. मापे मिलिमीटरमध्येच हवीत. चांदणीचे पुढचे डावे ११२ रुंद आणि ११८ लांब. पुढचे उजवे ११४ आणि ११८. मागचे दोन्ही १०५ च्या आतबाहेर रुंद आणि ११९ लांब. पुढचा खूर वाटोळा आणि मागचा निमुळता, ही घोड्याची सर्वसाधारण ठेवण; तीच येथे आकड्यांत उतरली. पुढच्या पायांवर घोडा आपल्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भार टाकतो. मागचे खूर शाबूत होते. तेव्हा बूट फक्त पुढच्या पायांना घ्यायचे ठरले. खर्चही निम्मा झाला.

बनवणारे अनेक, आणि प्रत्येकाचा तक्ता वेगळा. अमक्याचा तीन क्रमांक म्हणजे तमक्याचा एक. शिवाय काहींचा साचा वाटोळ्या खुराचा, काहींचा लांबट. नुसती रुंदी जुळून उपयोग नाही. रुंदी आणि लांबी यांतले अंतर ज्याच्या तक्त्यात बसते, तोच बूट आपला. पुण्याची भाची हे सगळे तक्ते मला वाचून दाखवी आणि मी वहीत उतरवून घेई. दोन प्रकार शेवटपर्यंत उरले. एक उंच, घोट्यापर्यंत येणारा, पट्ट्यांनी आवळायचा. घालायला सोपा, पण वर घासण्याची शक्यता जास्त. दुसरा बुटका, खुराच्या केसांच्या रेषेखाली थांबणारा. माप तंतोतंत असेल तरच टिकणारा. सपाट सडकेवर सावकाश चालणाऱ्या, दर पाच पावलांवर थांबणाऱ्या वरातीच्या घोडीला उंच, आवळता येणारा प्रकार बरा, असे मी ठरवले. डोंगरात धावणाऱ्या घोड्यासाठी मी उलट सांगितले असते.

मग क्रमांकावरून वाद झाला. डाव्या-उजव्यात दोन मिलिमीटरचा फरक, आणि तक्त्यातल्या दोन क्रमांकांच्या सीमेवर दोन्ही पाय. विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, मोठाच घेऊ. वाढत्या पायाचा." आपल्या सगळ्यांचे बालपण वाढत्या पायाच्या जोड्यांत गेले आहे. टोकाला कापूस कोंबून दोन वर्षे घालायचे आणि फिट होईपर्यंत फाटायचे. गरिबीचे ते शहाणपण माणसाच्या पोराला चालले, कारण माणूस पायातला सैल जोडा बोटांनी धरून ठेवतो. घोड्याच्या पायाला बोटे नाहीत. खरे तर त्याचा सगळा पाय म्हणजे एकच बोट. सैल बूट खुराभोवती फिरतो, फिरला की घासतो, आणि घोडा स्वतःच्याच पायात अडखळतो. पाठीवर त्या वेळी मुंडावळ्या बांधलेला एखाद्याचा एकुलता एक मुलगा असतो. शिवाय पूर्ण वाढलेल्या घोडीचा खूर रुंदीने वाढत नाही, खाली वाढतो, आणि दर सहा आठवड्यांनी तासला जातो. मोठा बूट कधीच बरोबर होणार नाही, तो जन्मभर मोठाच राहील.

समजावून पटेना, तेव्हा जाड पुठ्ठ्याचे दोन तळ कापले, दोन्ही क्रमांकांच्या आतल्या मापाचे. उचललेल्या खुरावर एकेक ठेवून दाखवला. लहान पुठ्ठ्याची कड खुराच्या कडेशी मिळाली. मोठ्याची सगळीकडून नखभर बाहेर राहिली. विद्यार्थी काही बोलला नाही. त्याने मोठा पुठ्ठा घोडीच्या वैरणीत टाकला आणि तिने तो हुंगून बाजूला सारला.

जोडीची किंमत त्याच्या तीन वरातींच्या कमाईएवढी. याच्या निम्म्या पैशांत जुन्या टायरचा बूट शिवून देतो, असे सौंसरचा एक कारागीर म्हणत होता, आणि ती कल्पना मला अजूनही टाकाऊ वाटत नाही. टायरच्या चपलांनी आमच्या पिढीला आयुष्यभर चालवले. पण टायरचा तळ जड, आणि खुराच्या पुढच्या टोकाला पाऊल उलटताना जी गोलाई लागते ती त्याला देता येईना. घोडा पाऊल उचलतो तेव्हा टाच आधी सुटते आणि टोकावरून खूर उलटतो. टोक बोजड असले तर प्रत्येक पावलाला मागच्या शिरेवर ताण येतो.

बूट कार्तिकात आले. घालताना थोडा जोर लागला. लागायलाच हवा होता. आत शिरल्यावर टोकाकडे पोकळी नव्हती. पाय उचलून दोन्ही हातांनी बूट पिळून पाहिला, तो खुरावर फिरला नाही. ही परीक्षा आधी करायची, मग चालवायचे. आधी अंगणात, मग कच्च्या वाटेवर, मग सिमेंटवर. पहिल्या दिवशी चांदणीने पाय असे उचलले, जणू पाण्यातून चालते आहे. अर्ध्या तासाने बूट काढले, तर डाव्या टाचेच्या गादीवर रुपयाएवढी जागा लाल झालेली. माप चुकले काय, म्हणून विद्यार्थ्याचे तोंड उतरले. नालबंदाने पट्टी पाहिली. ती नुसती जास्त आवळलेली होती. एक घर सैल केली, आतून मऊ कापडाची घडी दिली, दोन दिवस विश्रांती दिली. पुन्हा लाल झाले नाही. तळवा पातळ म्हणून आत फेसाचा एक पातळ थर घातला, आणि घातल्यावर पिळून पाहण्याची परीक्षा पुन्हा केली, कारण थराने आतली उंची बदलते.

पुढचे नियम माणसांच्या जोड्यांसारखेच आहेत. काम झाले की काढायचे, धुवायचे, वाळवायचे. रात्रभर पायात ठेवले तर आत ओल कोंडते आणि पुतळी सडू लागते. आतला खडा शोधायचा. काळ्या मातीच्या चिखलात घालायचे नाहीत. ती माती बूट पायातून ओढून घेते, माणसाची चप्पल ठेवत नाही तशी. तासणी चुकवायची नाही, नाहीतर सातव्या आठवड्यात तोच बूट घट्ट होतो. हे सगळे एका जुन्या पंचांगाच्या कोऱ्या पानावर लिहून गोठ्यात लावले आहे. नव्या खुराची रेघही त्याच पानावर दर महिन्याला नोंदतो. कार्तिकापासून चैत्रापर्यंत ती जवळजवळ निम्मी खाली उतरली आहे, आणि वरचा निम्मा खूर गुळगुळीत, बिनभोकांचा आहे. सगळा उतरला की पुन्हा नाल ठोकायचा की नाही, हे नालबंद आणि विद्यार्थी ठरवतील. त्यांचे मत अजून पडलेले नाही.

दलाल माघात एकदा येऊन गेला. घोडी वरातीला गेली आहे, असे त्याला घरातूनच सांगण्यात आले.

वराती झाल्या, पण गिऱ्हाइकांची एक तक्रार आली. काळ्या बुटांना कुणी हरकत घेतली नाही. त्यांवर लाल गोंड्यांची झालर सोडली की ते दागिन्यासारखे दिसतात. तक्रार आवाजाची. बँड थांबला की सिमेंटवर नालाची जी टाप वाजायची, ती वाजत नाही. घोडी मांजरासारखी चालते म्हणे. लग्नाच्या चित्रफितीत घोडा आल्यासारखे वाटत नाही. विद्यार्थ्याने यावर पायात घुंगरू बांधून पाहिले, पण ते बुटाच्या वरच्या काठाशी घासू लागले. मग ते सोडून चांदणीच्या गळ्यात बांधले. आता ती मान हलवली की वाजते.